घोंगडी कशी तयार होते

एखादे प्रकरण वर्षानुवर्षे निकालात निघाले नाही म्हणजे त्याचे 'भिजत घोंगडे' पडले असे मराठीत म्हणतात. शासकीय कचेऱ्यांना तर हा वाक्प्रचार वरचेवर ऐकून घ्यावा लागतो. ज्याने भिजलेले घोंगडे प्रत्यक्ष उचलून पाहिले असेल, त्यालाच या शब्दांतील मर्म नीट कळेल. हलक्या सरीला घोंगडी जुमानत नाही. थेंब वरच्या वर ओघळून जातात. पण एकदा का ती आतपर्यंत भिजली, की एकट्याला पिळता येत नाही आणि ढगाळ हवेत दिवसेंदिवस वाळत नाही. तिच्या या दोन्ही गुणांचे कारण काही अंशी मेंढीच्या अंगावरील केसांत आहे व काही अंशी विणकराच्या रीतीत. ही रीत आजही थोड्या घरांत जिवंत आहे. ती नेमकी कशी असते, हे घोंगडी वापरणाऱ्यांपैकीही फार थोड्यांना माहीत असते.

घोंगडी हे दख्खनच्या पठारावरचे वस्त्र आहे. फलटण, माण, खटाव, सांगोला, आटपाडी, जत या कमी पावसाच्या पट्ट्यात, तसेच सीमेपलीकडे अथणी, चिकोडी, गोकाक या बाजूस मेंढपाळीचा धंदा पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. मराठी मुलखात मेंढ्या राखणारे धनगर व लोकर विणणारे सनगर, तर कानडी मुलखात कुरुब. धनगरांतही हटकर हे प्रामुख्याने कळप राखणारे, आणि खुटेकर हे विणणारे. विणण्यापूर्वी ताणा ज्या खुंट्यांवर ताणतात, त्या खुंट्यांवरून हे नाव पडले असे सांगतात. भाषा बदलली तरी वस्तू तीच राहते. मराठीत जे कांबळे, तेच कानडीत कंबळी. चित्रदुर्ग जिल्ह्यातील चळ्ळकेरे येथील कंबळीचा बाजार दूरवर प्रसिद्ध आहे. इंदूरच्या होळकर घराण्याचे संस्थापक मल्हारराव हेही नीरा नदीकाठच्या होळ गावच्या धनगर कुळातले होते, हे येथे सहज आठवते.

अंथरायला, पांघरायला, धान्य वाळत घालायला, देवकार्यात बसायला, अशी सर्व कामे एकच घोंगडी करते. कोकणात व गोमंतकात भातलावणीच्या दिवसांत तिला दुमडून एका टोकाशी 'खोळ' करीत आणि ती डोक्यावरून पाठीवर सोडीत. इरल्याखाली वाकून काम करणाऱ्याची पाठ झाकली जाई, तर खोळीखाली ती झाकलीही जाई आणि उबदारही राही. संतांच्या गवळणींतून श्रीकृष्णाच्या खांद्यावर जी घोंगडी दिसते, ती याच जातीची रांगडी वस्तू होय, शाल नव्हे.

आता मुळाशी, म्हणजे मेंढीकडे वळू. दख्खनी मेंढी अंगाने मध्यम, रंगाने बहुधा काळी किंवा काळी-पांढरी असते. उन्हाळ्यातील चाऱ्याची टंचाई व मैलोगणती चाल तिला सोसते. फलटण-माणकडील कळप दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात जातात व पावसाळा तोंडावर आला की परत चढतात. वाटेत शेतकरी आपल्या शेतात मेंढ्या बसवितात आणि खताच्या मोबदल्यात धान्य वा पैसे देतात. या मेंढीची लोकर भरड असते. बऱ्याच तंतूंचा गाभा पोकळ असतो, व लोकरीत केसांचा अंश मिसळलेला असतो. मऊ शालीसाठी ती निरुपयोगी. पण घोंगडीला नेमकी अशीच लोकर हवी असते. भरड तंतू ताठ राहतात, त्यांच्यामध्ये हवा कोंडून राहते, आणि तंतूंवरील नैसर्गिक मेणामुळे पाणी चटकन आत शिरत नाही. लोकरीचा आणखी एक गुण असा की, ती आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओल शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाही. रात्री दवात झोपणाऱ्या मेंढपाळाला याचा उपयोग कळण्यासाठी पुस्तक वाचावे लागत नाही.

वर्षातून दोन वेळा मेंढ्या कातरतात. कातरण्याआधी त्यांना ओढ्यात किंवा तळ्यात घालून धुतात, म्हणजे अंगावरची माती, काटे व कुसळे बरीचशी निघून जातात. कोकराची पहिली कातरणी म्हणजे 'जावळ'. लहान मुलाच्या पहिल्या केसांना जो शब्द, तोच येथे वापरला जातो. जावळाचा तंतू बारीक, मऊ व गडद काळा असतो, आणि त्याच्या घोंगडीला मान व मोल दोन्ही अधिक. मात्र एका कोकरापासून जावळ मिळते ते मूठ-दोन मूठ, त्यामुळे जावळाची संपूर्ण घोंगडी भरण्यास मोठा कळप हाताशी असावा लागतो. मोठ्या मेंढीपासून वर्षाकाठी मिळणारी लोकरही अर्ध्या किलोच्या आसपासच भरते. या हिशेबाने दोन किलो वजनाच्या एका घोंगडीत चार-पाच मेंढ्यांची वर्षभराची लोकर जाते; वेचण्या-पिंजण्यातील घट धरली तर थोडी अधिकच.

कातरलेली लोकर प्रथम रंगवार वेगळी करतात. काळी, पांढरी, करडी, तांबूस असे तिचे निसर्गदत्त रंग असतात. घोंगडीला रंग चढविण्याची चाल जुन्या कामात सहसा नाही. पट्टे व काठ काढायचे ते या निरनिराळ्या रंगांच्या सुतांतूनच. मग हाताने कचरा वेचून लोकर कमानीवर पिंजतात. कमानीची तात कंप पावते, गुंतलेले तंतू सुटतात आणि लोकर फुलून येते. या फुललेल्या लोकरीचे पेळू करून चरख्यावर सूत काढतात. कताई हे बहुतेक घरांत स्त्रियांचे, त्यातही वडीलधाऱ्या स्त्रियांचे काम. ताण्याचे सूत बारीक व पिळदार लागते, कारण मागावर त्याला सतत ओढ सोसावी लागते. बाण्याचे सूत जाडसर व सैल चालते. हा फरक कातणारीच्या बोटांत असतो. विणकर कितीही कसबी असला तरी कच्च्या ताण्याने तो हतबल होतो. घोंगडीची वाहवा होते ती विणकराची, कातणारीचे नाव क्वचितच निघते. हा अन्याय जुनाच आहे.

यानंतरचे काम या सर्व खटाटोपाचे हृदय होय, आणि ते घरात नव्हे, उघड्यावर चालते. ताण्याची सुते घोंगडीच्या लांबीस लागतील तशी खुंट्यांभोवती फिरवून मोजून घेतात व गल्लीत किंवा मोकळ्या पटांगणात ताणून धरतात. लोकरीचे सूत केसाळ असते. ते तसेच मागावर चढविले तर शेजारची सुते एकमेकांत अडकतात व तुटतात. म्हणून त्याला खळ द्यावी लागते. ही खळ चिंचोक्यांची असते. चिंचोके भाजून त्यांची तांबूस टरफले काढतात, आतला पांढरा गर भिजवून पाट्यावर वाटतात व भरपूर पाण्यात शिजवितात. शिजता शिजता ती दाट व चिकट होते. मग ताणलेल्या सुतांवर ती चोपडून कुंच्याने एकाच दिशेने पुन्हा पुन्हा सारवतात, म्हणजे उभे राहिलेले केस सुताशी चिकटून बसतात. खळ पातळ झाली तर सूत केसाळच राहते; दाट झाली तर सुते एकमेकांना चिकटतात व वाळल्यावर तडकतात. किती दाट हवी, हे कुणी मापाने सांगत नाही, दोन बोटांत धरून पाहतात. खळ वाळायला ऊन लागते, म्हणून पावसात हे काम अडते. विणकराच्या घरची खरी धांदल त्यामुळे उघडिपीच्या महिन्यांत असते.

चिंचोक्याचीच खळ का, असा प्रश्न कुणी विचारील. चिंचोक्यातील पिठूळ गर पाण्यात शिजला की त्याचा घट्ट, लवचीक थर बनतो; याच गुणामुळे ताग व सुती कापडाच्या गिरण्यांनीही चिंचोक्याची भुकटी वापरली. शिवाय चिंच या पठारावर सर्वत्र आहे. आंबट गर खाऊन उरलेले चिंचोके गोरगरिबांच्या घरांतून जमा करणे फारसे कठीण नसे. नवी घोंगडी हाताला ताठ, किंचित खरखरीत लागते, त्यात या खळीचा वाटा असतो. काही धुण्यांनंतर ती मऊ पडते.

वाळलेला ताणा मागावर चढतो. हा माग जमिनीतील खड्ड्याचा असतो. विणकर खड्ड्याच्या काठावर बसून पाय आत सोडतो व पायांनी पावड्या दाबतो. त्यासरशी ताण्याची निम्मी सुते वर उचलली जातात. त्या फटीतून बाण्याचे सूत पलीकडे जाते आणि लाकडी पट्टीने ते ठोकून घट्ट बसवितात. पुन्हा दुसरी पावडी, पुन्हा फट, पुन्हा ठोका. वीण अगदी साधी, एकाआड एक अशी. रुंदी साधारण साडेतीन ते चार फूट, लांबी आठ ते दहा फूट. माग जमिनीलगत असण्याचा एक फायदा असा की, खड्ड्यातील गारवा व ओल यांमुळे सूत कोरडे पडून तुटत नाही. तोटा विणकराच्या कमरेला व गुडघ्यांना विचारावा. विणून झाल्यावर दोन्ही टोकांची सुटी सुते पिळून गाठी मारल्या, की घोंगडी तयार झाली.

लोकरीपासून अंथरूण करण्याची आणखी एक रीत आहे, आणि तिला माग लागत नाही. बुरणूस, काही भागांत जेन, या नावाने ती वस्तू ओळखली जाते. पिंजलेली लोकर जाड्याभरड्या कापडावर सारखी पसरतात, तिच्यावर साबणाचे पाणी शिंपडतात व कापडासकट घट्ट गुंडाळी करून हातांच्या कोपरापर्यंतच्या भागाने ती दाबून लाटत राहतात. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. ओल, ऊब व घर्षण यांमुळे हे खवले एकमेकांत अडकतात आणि सुटी लोकर हळूहळू दाट पत्र्यासारखी एकजीव होते. पिंजाऱ्यांच्या हातचे हे बुरणूस घोड्याच्या पाठीवर खोगिराखाली घालीत व जमिनीवर अंथरीत. पाहण्यास सोपी वाटणारी ही रीत फार श्रमाची आहे. एक जेन पुरी करण्यास दोघा-तिघांचे हात तासन् तास लागतात.

या सगळ्या कामावर आज जे संकट आहे, ते केवळ गिऱ्हाईक कमी झाल्याचे नाही. प्लॅस्टिकच्या कागदाने खोळीची जागा घेतली आणि पानिपतच्या स्वस्त कांबळ्यांनी पांघरुणाची, हे खरेच. पण मूळ दुखणे कच्च्या मालाचे आहे. २०१२ च्या पशुगणनेत देशात सुमारे ६.५ कोटी मेंढ्या होत्या. २०१९ च्या गणनेत त्या ७.४३ कोटी झाल्या. याच काळात देशातील लोकरीचे वार्षिक उत्पादन मात्र सुमारे ४.६ कोटी किलोवरून ३.७ कोटी किलोपर्यंत खाली आले. मेंढी वाढली आणि लोकर घटली. दख्खनपुरते पाहिले तर याचे कारण उघड आहे. मेंढपाळाची मिळकत आता मांसावर चालते. त्यासाठी झटपट वाढणारे माडग्याळ किंवा नेल्लोर जातीचे नर कळपात आले, आणि त्यांच्या अंगावर लोकर नसते, असतात ते आखूड केस. एक-दोन पिढ्यांत कळपाचे अंगच बदलते.

याआधीच्या काळात चूक वेगळ्या दिशेने झाली होती. मेरिनो व रॅम्बुले या परदेशी जातींशी संकर करून दख्खनी मेंढीची लोकर बारीक व पांढरी करण्याचे प्रयोग शासकीय योजनांतून झाले. हेतू गिरण्यांना लोकर मिळावी हा होता. संकरित मेंढ्यांना येथील ऊन, चाल व चाराटंचाई फारशी मानवली नाही, आणि घोंगडी विणणाऱ्याला तर बारीक लोकर नकोच होती. त्याची गरज कुणी विचारात घेतली नव्हती, असे म्हणणे भाग आहे.

काळ्या भरड लोकरीला गिरणी भाव देत नाही, कारण तिच्यावर रंग चढत नाही. परिणामी अनेक ठिकाणी कातरणीची मजुरी लोकरीच्या किमतीहून जास्त पडते. मेंढीला उन्हाळा सोसावा म्हणून मेंढपाळ पदरमोड करून ती कातरून घेतो आणि लोकर बांधावर टाकून देतो. एका बाजूस लोकर मातीत जाते, दुसऱ्या बाजूस चांगल्या काळ्या लोकरीसाठी विणकर गावोगाव हिंडतो. या दोघांमधील अंतर कधी कधी एका तालुक्याचेच असते. कातरणीच्या वेळीच रंगवार व प्रतवार लोकर वेगळी करून जागेवर उचलण्याची सोय जेथे झाली, तेथे मेंढपाळाच्या हाती दोन पैसे पडतात आणि विणकराचीही पायपीट वाचते. मिसळलेल्या लोकरीला मात्र कुणीच वाली नसतो.

घोंगडी विकत घेताना काही गोष्टी पाहाव्यात. खऱ्या घोंगडीचे एखादे सूत काढून जाळले तर केस जळल्याचा वास येतो व काळी राख बोटांत चुरगळते. कृत्रिम धाग्याचा वितळून कडक मणी होतो. हातसुताच्या घोंगडीत सूत कोठे जाड, कोठे बारीक असते, तो दोष समजू नये. अंगाला टोचते अशी तक्रार नवखे करतात. तिच्याखाली सुती चादर घ्यावी. धुताना गरम पाणी व जोराने घासणे टाळावे, नाहीतर वर सांगितलेला खवल्यांचा गुण येथे अवगुण ठरून घोंगडी आक्रसते. काळा रंग सततच्या उन्हाने तांबूस पडतो, तेव्हा पुरती वाळल्यावर ती सावलीत आणावी. पावसाळ्यानंतर एकदा ऊन दाखवून, घडीत कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवल्यास कसर लागत नाही.