मोजमापाची शिस्त : एका संगणकीय खेळावरून घेतलेला पाठ

मुळशी तालुक्यातील हिंजवडी हे गाव आज माहिती तंत्रज्ञान उद्यानामुळे सर्वांस परिचित आहे. आपल्या वसतिगृहात वाढलेले काही विद्यार्थी तेथे नोकरी करतात. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत त्यांच्यापैकी एकाच्या खोलीवर आम्ही शाळेच्या प्रयोगशाळेतील एक संगणक घेऊन गेलो. त्रिमितीय चित्रे हाताळताना आपले संगणक अडखळत असत. माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून सर्वांची ग्राफिक्स कार्डे बदलावीत, असे ठरत आले होते. पैसा खर्चण्यापूर्वी दोष नेमका कोठे आहे, हे पाहणे आम्हांस आवश्यक वाटले.

मापनासाठी त्याने २०१६ सालचा ‘डूम’ हा खेळ निवडला. हा खेळ हिंसक असून मुलांच्या हाती देण्याजोगा नाही. पण अभ्यासाच्या दृष्टीने त्यात एक सोय आहे. तोच खेळ त्याच यंत्रावर ओपनजीएल आणि व्हल्कन अशा दोन ग्राफिक्स एपीआयवर चालवता येतो. एपीआय म्हणजे खेळ आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यामधील दुभाषा. ओपनजीएल १९९२ सालचा. त्याच्या पद्धतीत प्रत्येक आज्ञा तपासण्याचे पुष्कळसे काम ड्रायव्हरकडे असते आणि त्याचा भार बहुधा प्रोसेसरच्या एकाच गाभ्यावर पडतो. फेब्रुवारी २०१६ मध्ये आलेल्या व्हल्कनमध्ये ही जबाबदारी खेळ लिहिणाऱ्यावर असते व आज्ञा अनेक गाभ्यांवर वाटून तयार करता येतात. म्हणून प्रोसेसर दुर्बल असेल तेथे व्हल्कनचा लाभ अधिक. कार्डच थकलेले असेल तर तो अल्प.

आमची पहिली चूक येथेच झाली. दोन्ही एपीआय एकेकदा चालवून आम्ही निकाल सांगून मोकळे झालो. तेव्हा विद्यार्थ्याने विचारले, ‘‘सर, एकाच बखरीवरून इतिहास लिहू नये, असे तुम्हीच शिकवलेत ना?’’ आम्ही निरुत्तर झालो. मग नियम ठरले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. खेळातील वाट, चित्राचा आकार व बाकी मांडणी तीच ठेवायची. मागे चालणारे अपडेट बंद करायचे. पहिली फेरी सोडून द्यायची आणि पुढच्या तीन फेऱ्यांची नोंद घ्यायची. पुण्यातील ‘एका’ हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या जागतिक यादीत चौथा आला, तोही सर्व यंत्रांना लिनपॅक ही एकच कसोटी लावल्यामुळे. कसोटी समान नसेल तर तुलनेला अर्थ उरत नाही.

दुसरा धडा सरासरीचा. समजा, १०० चित्रांपैकी ९९ चित्रांना प्रत्येकी १० मिलिसेकंद लागले आणि एकाला ११०. एकूण १,१०० मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला सुमारे ९१ चित्रे. दुसऱ्या फेरीत प्रत्येक चित्राला १२ मिलिसेकंद लागले, तर सेकंदाला सुमारे ८३ चित्रे. सरासरीने पहिली फेरी सरस ठरते. डोळ्याला मात्र दुसरीच सुखद वाटते, कारण पहिलीत एक ठसठशीत धक्का आहे. यास्तव जाणकार सरासरीसोबत सर्वांत मंद अशा शंभरातील एका चित्राचाही वेग नोंदवतात. वर्गाची सरासरी सांगून शेवटच्या बाकावरील मुलाची स्थिती कळत नाही, हे शिक्षकाला वेगळे सांगावे लागत नाही.

आता मूळ प्रश्न. ओपनजीएलवर खेळ चालवून आम्ही चित्राचा आकार लहान केला. कार्डावरचा भार हलका झाला. तरी वेग वाढला नाही. व्हल्कन लावताच मात्र तो वाढला आणि धक्केही कमी झाले. अर्थात अडथळा कार्डात नव्हता, प्रोसेसरमध्ये होता. खेळाचा निष्कर्ष चित्रकामाला तसाच लावणे योग्य नव्हे, म्हणून मुलांच्या चित्रकामाच्या सॉफ्टवेअरवरही आकार लहान करून पाहिले. तेथेही संगणक पूर्वीसारखाच अडखळला.

कार्डांची खरेदी त्यामुळे रहित झाली आणि वर्गणी शिल्लक राहिली. पालकांनी व माजी विद्यार्थ्यांनी यातून एवढेच घ्यावे : दुकानदार एखादा मोठा आकडा पुढे करील, तेव्हा तो कोणत्या यंत्रावर, किती फेऱ्यांनंतर आणि काय स्थिर ठेवून काढला, हे विचारावे. विचारण्यास पैसे लागत नाहीत. न विचारल्यास मात्र घामाचे पैसे जातात.