कण्याची कैफियत

जलाशयाच्या कडेने कालेश्वराच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे कोणी ओळखीचे भेटले, की "दुसरं ऑपरेशन झालं का?" हा प्रश्न ठरलेला असतो. त्याचे उत्तर देऊन देऊन जीव विटल्यामुळे, पाटबंधारे खात्यात तीस वर्षे कारकुनी करून जी एकच विद्या हाती लागली, ती म्हणजे कैफियत, येथे सादर करीत आहे.

पहिल्या शस्त्रक्रियेबद्दल माझी फिर्याद नाही. चौथ्या-पाचव्या मणक्यांमधल्या चकतीने नस दाबली होती, उजव्या पायातून घोट्यापर्यंत वीज उतरत होती, ती थांबली. मात्र या शस्त्रक्रियेने मुख्यतः पायाची कळ जाते, कंबरेच्या जुन्या दुखण्याची हमी तीत नसते, हे मला कोणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. तीन वर्षांनी कंबर पुन्हा धरली तेव्हा, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय उशापाशी असता, मोठ्या नावाच्या मोहाने मी परगावच्या एका खासगी रुग्णालयाची पायरी चढलो.

तेथील तज्ज्ञांनी माझ्या पाठीला हात लावला नाही, वाकून दाखवा म्हटले नाही. एमआरआयची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली आणि मणक्यांत चार स्क्रू व दोन दांड्या बसवाव्या लागतील, उशीर केलात तर पाय जाईल, असा फैसला दोन मिनिटांत सुनावला. बाहेर बाकावर अंदाजपत्रकाचा कागद हातात घेऊन मी सुन्न बसलो असता आमच्या सौभाग्यवतींनी फिल्मची पिशवी चाळली आणि म्हणाल्या, "अहो, ही तर जुनीच आणली की तुम्ही! नवी कपाटावरच राहिली." चकतीचा जो तुकडा तीन वर्षांपूर्वी कापून काढला होता, त्याच तुकड्याचे चित्र पाहून माझ्या कण्याचे भवितव्य ठरले होते! चूक माझी होती, कबूल; पण फिल्मवरची तारीख वाचायला कितीसा वेळ लागतो? मी पुन्हा आत जाऊन सांगितले, तर मान वर न करता उत्तर आले, "त्यानं काही फरक पडत नाही." त्या क्षणी माझी कंबर नव्हे, डोके ताळ्यावर आले.

पुढे वाचनात आले, की १९९४ साली अमेरिकेत पाठदुखी नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढले, तेव्हा निम्म्याहून अधिकांच्या चकत्या फुगलेल्या आढळल्या. म्हणून "मणक्यात गॅप आहे" एवढ्याने घाबरून सही करू नये. ऑपरेशनने नेमके काय जाईल, पायाची कळ की कंबरेचे दुखणे, हे आधी विचारावे आणि उत्तर लेखी मागावे. तोंडे वाकडी होतील, होऊ द्यावीत. मात्र लघवी वा शौचाचा ताबा सुटला, बैठकीची जागा बधिर झाली किंवा पाऊल लोळू लागले, तर माझे एक अक्षर न ऐकता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.

माझे म्हणाल तर येथल्या एका फिजिओथेरपिस्ट बाईंनी प्रथमच पाठ उघडी करून तपासली आणि विजेचे चार खांब चालायला सांगितले. चार! मला अपमान वाटला. बरे वाटले म्हणून एकदा वीस खांब गेलो नि तीन दिवस बाजेवर पडलो. तेव्हापासून चांगल्या दिवशी एकच खांब जास्त आणि वाईट दिवशी निम्मे, पण शून्य कधीच नाही, हा दंडक आहे. सुतळीच्या बाजेच्या झोळातच निम्मे दुखणे होते असा संशय आल्याने ती माळ्यावर गेली. कंबरेचा पट्टा फक्त एस.टी.च्या प्रवासात, दिवसभर बांधला तर स्नायू आळशी होतात. सेतुबंधासन रोज. घागर उचलताना कंबरेत नव्हे, गुडघ्यांत वाकावे. वजन आटोक्यात ठेवावे, चिंता करू नये, इत्यादी सर्वांना ठाऊक आहेच. तंबाखू सोडावी असेही सांगतात. मी अर्धी सोडली आहे.

दुखणे गेले का? नाही. थंडीत आणि लांबलेल्या लग्नाच्या पंगतीत ते हजेरी लावते. पण जमिनीवर पडलेली किल्ली मी स्वतः उचलतो.

ते अंदाजपत्रक मात्र मी फाडले नाही. कागद जाड, उंची आणि नशिबाने पाठकोरा निघाला. दर महिन्याच्या खांबांची नोंद मी त्यावर ठेवतो. शेवटची नोंद एकोणचाळीसची आहे.