व्हीलचेअर नको, फलक दाखवा

विमानाचं तिकीट काढताना अर्जात एक प्रश्न येतो, 'विशेष मदत हवी आहे का?' ऐकू न येणाऱ्या प्रत्येकाला मला कळकळीने सांगायचंय, की तिथे नुसतं 'हो' म्हणून पुढे जाऊ नका. नुसतं 'हो' म्हटलं की बहुतेक वेळा विमानाच्या दाराशी चाकाची खुर्ची येऊन उभी राहते. आपले पाय धड असतात. आपल्यापर्यंत पोचत नाही ती माहिती. गेट बदललं, विमान उशिरा सुटणार, सामान दुसऱ्या पट्ट्यावर येणार, रांग तिकडे लावा. एवढं जर कुणी लिहून आणि वेळेवर दाखवलं, तर आपण जगात कुठेही एकटे जाऊ शकतो.

मी पुण्याची. लहानपणी मेंदूज्वर झाला आणि दोन्ही कान गेले. मशीन लावलं की आवाज येतो, पण शब्द उलगडत नाहीत. ते मी ओठांवरून वाचते, आणि पुण्यात तेवढ्यावर माझं निभतं. लक्ष्मी रोडवरचा दुकानदार काय विचारणार, बँकेतल्या बाई काय म्हणणार, रिक्षावाला कुठे नाही म्हणणार, हे आधीच ठाऊक असतं, त्यामुळे अर्धे शब्द दिसले तरी वाक्य पुरं होतं. मोठी बहीण लंडनच्या हॅरो भागात राहते. तिच्याकडे मी एकटीने जायचं ठरलं तेव्हा आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्या काळजीपोटीच ताईने विमान कंपनीला फोन करून 'माझ्या बहिणीला मदत लागेल' एवढं सांगून ठेवलं.

मुंबईहून निघून आखातातल्या एका विमानतळावर विमान बदलायचं होतं. तिथे उतरले तर माझ्या नावाची पाटी घेऊन एक तरुण मुलगा व्हीलचेअरसह उभा. मी चालून दाखवलं, कानाकडे बोट दाखवलं, मान हलवून नको म्हटलं. त्याच्या यादीत माझ्या नावापुढे खुर्ची लिहिलेली होती. खुर्चीतच न्यायचं असा त्याला हुकूम असणार, त्याचा दोष नाही. त्याने मला एका बाजूच्या दालनात नेलं, तिथे माझ्यासारखी रांगेने बसवलेली म्हातारी माणसं होती, आणि हाताने 'थांबा' अशी खूण करून तो निघून गेला. त्या दालनातून विमानांच्या वेळांचा फलक दिसत नव्हता. टेबलापाशी बसलेल्या बाई अधूनमधून नावं पुकारत होत्या, मान खाली घालून, कागदाकडे बघत. मी उठले की त्या बसायची खूण करायच्या.

दरम्यान माझ्या विमानाचं गेट बदललं होतं. हे मला कळलं ते दोन कर्मचारी धावत आत आले आणि खुर्ची ढकलत मला घेऊन सुटले तेव्हा. काय चाललंय, विमान गेलं की आहे, काही कळायला मार्ग नव्हता. विमान मिळालं, पण त्या धावपळीत मला जी भीती वाटली ती अंधारात रस्ता चुकल्यावरही कधी वाटलेली नाही. डोळे हेच माझे कान आहेत, आणि मदतीच्या नावाखाली मला नेमकं जिथे काही दिसत नाही तिथे बसवलं गेलं होतं.

म्हणून आता नेमकं काय करायचं ते सांगते. विमान कंपन्यांच्या यंत्रणेत प्रवाशांसाठी ठरावीक संकेत असतात. खुर्चीचे वेगळे, अंध प्रवाशाचा वेगळा आणि कर्णबधिर प्रवाशाचा वेगळा. आपला संकेत इंग्रजी अक्षरांत डी-ई-ए-एफ असा असतो. तिकीट काढल्यावर कंपनीला ईमेल पाठवा: माझ्या तिकिटावर हाच संकेत टाका, व्हीलचेअरचा संकेत टाकू नका, मला चालता येतं, गेट किंवा वेळ बदलली तर लिहून दाखवा आणि मोबाइलवर संदेश पाठवा. त्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत पुन्हा पुन्हा विचारत राहा. भारतातल्या नियमांत आणि ब्रिटन-युरोपातही अशी पूर्वसूचना निदान ४८ तास आधी द्यायची असते. तुम्ही त्याहून खूप आधी द्या. आणि हे पत्र स्वतः लिहा. घरची ऐकणारी माणसं प्रेमाने फोन उचलतात आणि सगळं तोंडी ठरवतात. मग काय ठरलं याचा आपल्या हातात कागद राहत नाही. परतीच्या प्रवासाआधी मी हे सगळं लेखी केलं, आणि कुणीही खुर्ची आणली नाही. गेटवरच्या मुलीने वेळ आल्यावर समोर येऊन हाताने बोलावलं, बस.

काही विमानतळांवर घोषणा होत नाहीत म्हणून घाबरू नका. मुंबईच्या विमानतळाने २०१६ पासून विमानात चढण्याच्या सरसकट घोषणा बंद केल्या, अ‍ॅम्स्टरडॅमही तसंच शांत आहे. अशा ठिकाणी सगळेच प्रवासी फलकाकडे बघत असतात, म्हणजे आपण बरोबरीने असतो. अवघड जातात ती जुन्या वळणाची, भोंग्यावर चालणारी विमानतळं. तिथे गेटवर पोचल्या पोचल्या टेबलावरच्या माणसाला आपलं कार्ड दाखवा आणि त्याला आपण दिसू अशी जागा धरा.

हे कार्ड कागदाचं हवं. मोबाइलवर बोललेलं लिहून दाखवणारी अ‍ॅप्स आली आहेत, गूगलचं 'लाइव्ह ट्रान्स्क्राइब' मराठीतही चालतं, आणि मी ते रोज वापरते. पण इमिग्रेशनच्या दालनात मोबाइल वापरायला बंदी असल्याच्या पाट्या असतात, आणि सगळ्यात महत्त्वाचे प्रश्न तर तिथेच काचेपलीकडून विचारले जातात. मी इंग्रजीत छापून नेलं होतं: मला ऐकू येत नाही, कृपया माझ्याकडे बघून सावकाश बोला किंवा लिहा. खाली कुठे राहणार, कुणाकडे, किती दिवस, परतीचं तिकीट कधीचं, खर्च कोण करणार, सगळं टाइप केलेलं. हीथ्रोच्या अधिकाऱ्याने तो कागद वाचला, पेन घेऊन त्यावरच एक प्रश्न लिहिला, मी खाली उत्तर लिहिलं. आपलं यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, न्याच, पण परदेशात ते कुणी ओळखेल असं धरू नका. ऑडिओलॉजिस्टचं इंग्रजी पत्र आणि ऑडिओग्राम जोडीला असू द्या.

सूर्यफुलांच्या हिरव्या पट्टीबद्दल अनेकजण विचारतात. न दिसणारं अपंगत्व असलेल्यांसाठी ही पट्टी २०१६ साली लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली आणि आता अनेक देशांत चालते. मदत कक्षात ती फुकट मिळते. जरूर घाला. पण 'थोडं समजून घ्या' एवढंच ती सांगते, ऐकू येत नाही हे सांगत नाही. ते आपणच सांगायचं.

ज्याची पूर्वतयारी मला कुणी सांगितली नव्हती ती गोष्ट म्हणजे ओठ. वर्षानुवर्षं मराठी ओठ वाचले म्हणजे इंग्रजीही वाचता येईल, असं होत नाही. प, ब आणि म ओठांवर सारखेच दिसतात. 'पापा', 'बाबा', 'मामा' यांतला फरक मला दिसत नाही, मी तो संदर्भावरून ओळखते. परक्या देशात तो संदर्भच हातात नसतो. त्यात उच्चार वेगळे, दाढ्या, मास्क, ओठ न हलवता बोलायची सवय. पहिले काही दिवस मी संध्याकाळी इतकी थकून जायचे की जेवताना ताईकडेही बघवत नसे. म्हणून पोचल्याच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी काहीही ठरवू नका, डोळ्यांना विश्रांती द्या. ताई मला डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात घेऊन गेली. हे मंडळ १९३२ पासूनचं आहे. तिथे ओळीने बसलेली मराठी माणसं बोलू लागली आणि मला एकदम सगळं कळायला लागलं. मी किती ताणाखाली होते हे मला त्या दुपारी समजलं.

तुम्ही खुणांच्या भाषेत बोलत असाल तर परदेशातली खुणांची भाषा वेगळी असते. अमेरिका आणि ब्रिटन, दोन्हीकडे इंग्रजी, पण खुणांच्या भाषा एकमेकांना न समजणाऱ्या. अमेरिकेत अक्षरं एका हाताने करतात, ब्रिटनमध्ये दोन्ही हातांनी, आणि आपली भारतीय पद्धतही दोन हातांचीच. निघण्याआधी तिथली अक्षरं शिकून घ्या, नाव आणि पत्ता तरी सांगता येतो.

मशीनच्या सेलचं थोडक्यात. पुरतील त्याच्या दुप्पट घ्या, मशीनबरोबर हातातल्या बॅगेत ठेवा. चार्जिंगचं मशीन असेल तर ब्रिटनचा प्लग वेगळा असतो, अडॅप्टर न्या.

बँक आणि विमा यांच्याकडे मात्र नीट लक्ष द्या. कार्डाचे परदेशी व्यवहार अ‍ॅपमध्ये आपणच सुरू करावे लागतात, ते घरूनच करा. संशय आला की बँका अनेकदा फोन करतात आणि आवाज ऐकल्याशिवाय कार्ड सोडत नाहीत. असं होऊ नये म्हणून शाखेत लेखी कळवा आणि दुसऱ्या बँकेचं एक कार्ड वेगळ्या खिशात ठेवा. प्रवास विमा घेताना एकच प्रश्न विचारा, अडचणीत मी तुम्हाला लिहून कळवू शकते का? फक्त फोन नंबर देणाऱ्या कंपनीचा विमा आपल्या कामाचा नाही. श्रवणयंत्र हरवलं तर किती रक्कम मिळते तेही पॉलिसीत वाचा. ब्रिटनमध्ये ९९९ वर एसएमएसने मदत मागता येते, पण आधी नोंदणी करावी लागते. त्यासाठी तिथलं सिम घेतल्या दिवशीच 'रजिस्टर' हा शब्द इंग्रजीत ९९९ वर पाठवा.

मधे मी एडिंबरोला एकटी राहून आले. हॉटेलात एकट्या बहिऱ्या माणसाला खरा धोका रात्रीचा. आगीचा भोंगा वाजला तर कळणार कसं? खोली घेतानाच ईमेलने विचारा, की उशीखाली ठेवायची थरथरणारी चकती आहे का. भोंगा वाजला की ती हलते आणि दिवा लुकलुकतो. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्याने ग्राहकासाठी अशी वाजवी सोय करणं बंधनकारक आहे, त्यामुळे मागायला संकोच नको. चकती नसेल तर काउंटरवर लेखी सांगा, आग लागली तर दार उघडून मला उठवा, आणि तिथल्या माणसाकडून तशी नोंद करून घ्या. हे केल्याशिवाय मी झोपणार नव्हते, आणि तुम्हीही झोपू नका.

आता ज्यासाठी जायचं त्याबद्दल. तिकीट खिडकीवर, संग्रहालयात, टॅक्सीत कानाचं चिन्ह दिसलं तर मशीनचा टी-कॉइल सुरू करा, समोरच्याचं बोलणं गोंगाटाशिवाय थेट मशीनमध्ये येतं. आणि नाटक बघा. पुण्याचं बालगंधर्व रंगमंदिर १९६८ मध्ये उघडलं, आमच्या घरातली माणसं तिथे पिढ्यान् पिढ्या जातात, मी मात्र आई शेजारी बसून चिठ्ठीवर लिहील तेवढंच नाटक बघत आले. लंडनमध्ये काही प्रयोगांना रंगमंचालगतच्या पट्टीवर संवाद अक्षरांत उमटतात, आणि नॅशनल थिएटरने डोळ्यांसमोर संवाद दाखवणारे चष्मेही आणले. सगळं सभागृह हसलं त्याच क्षणी मीही हसले. पुण्यात अशी एक पट्टी बसवायला काय लागतं, हे मी आता नाट्यगृहांना विचारते आहे, तुम्हीही विचारा. तिकडे जाणार असाल तर अक्षरांच्या पट्टीचे प्रयोग प्रत्येक नाटकाचे मोजकेच असतात, तेव्हा विमानाची तारीख ठरवण्याआधी त्यांच्या तारखा बघून घ्या.