आतड्यांचा दाहविकार : संशोधनाचा आरंभ गणनेपासून

शौचावाटे रक्त पडू लागले की आपल्याकडे मूळव्याध किंवा रक्ती आव अशी दोनच नावे घेतली जातात. बहुतेकदा ती बरोबरही असतात. परंतु हा त्रास चार आठवड्यांहून अधिक चालला, वजन घटू लागले, पोटातील कळांनी रात्री झोपमोड होऊ लागली, तर आतड्यांच्या दीर्घकालीन दाहाचा विचार करावा लागतो. अल्सरेटिव्ह कोलायटिस या प्रकारात मोठ्या आतड्याच्या अस्तरास व्रण पडतात. क्रोन्स रोगात अन्नमार्गाचा कोणताही भाग दाहग्रस्त होऊ शकतो. हा विकार स्पर्शाने वा सहवासाने पसरत नाही. तो समूळ बरा करणारे औषध अद्याप नाही; मात्र नियमित उपचारांनी बहुसंख्य रुग्णांना तो आटोक्यात ठेवता येतो.

हा पाश्चात्त्य देशांचा रोग आहे, अशी समजूत दीर्घकाळ होती. लुधियाना येथील दयानंद वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांच्या कार्याने तिला धक्का दिला. १९९९ साली घरोघर जाऊन ५१,९१० लोकांची पाहणी करण्यात आली. संशयित रुग्णांची दुर्बिणीने तपासणी करून आतड्याच्या अस्तराचा सूक्ष्म तुकडा तपासला गेला. २३ जणांस अल्सरेटिव्ह कोलायटिस आढळला; म्हणजे लाखामागे सुमारे ४४. वर्षभराने ४९,८३४ लोकांची पुन्हा पाहणी झाली, तेव्हा ३ नवे रुग्ण आढळले. हे निष्कर्ष २००३ साली ‘गट’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. चिकाटीने दारोदार फिरून केलेली ही गणनाच मोलाचे संशोधन ठरली.

पंजाबचा आकडा जालना जिल्ह्यास जसाच्या तसा लावता येणार नाही. शिवाय आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. आतड्यांचा क्षयरोग आणि क्रोन्स रोग यांची लक्षणे इतकी सारखी असतात की दुर्बिणीतूनही फसगत होऊ शकते. क्रोन्सच्या रुग्णास क्षयाची औषधे दिल्यास महिने वाया जातात. उलट क्षयरोग्यास दाहशामक स्टेरॉइड दिल्यास क्षय बळावतो. ज्या देशांत क्षयरोग क्वचितच आढळतो तेथील संशोधन हा प्रश्न आपल्यासाठी सोडवू शकत नाही.

गोदाकाठच्या शहागड परिसरात अशी पाहणी योजावयाची झाल्यास येथील जीवनक्रम ध्यानी घ्यावा लागेल. अंबड तालुक्यातील व नदीपलीकडील गेवराई भागातील अनेक कुटुंबे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस जातात. म्हणून पहिली फेरी दसऱ्यापूर्वी आणि पुढील वर्षीची फेरी त्याच दिवसांत व्हावयास हवी. अन्यथा ज्यांना औषध मध्येच सुटण्याचा धोका सर्वाधिक, तीच माणसे गणनेबाहेर राहतील.

संशोधनासाठी देणगी म्हटले की मोठी प्रयोगशाळा डोळ्यांपुढे येते. येथे मात्र प्रशिक्षित आरोग्यसेविकांचे मानधन, दुर्बीण तपासणी, तुकड्याची चिकित्सा आणि रुग्णाचा प्रवासखर्च एवढ्यासाठीच प्रामुख्याने निधी लागतो. त्यासोबत दोन बंधने पाळावीत, अशी विश्वस्तांस नम्र विनंती : संमतीवाचून कोणाची तपासणी होऊ नये, आणि ज्याचा रोग आपण शोधून काढला त्याच्या उपचाराची तरतूद आधीच केलेली असावी.

रुग्णांच्या नातेवाइकांनीही संकोच सोडावा. शौचाच्या तक्रारी घरात दबक्या आवाजात बोलल्या जातात, विशेषतः स्त्रियांच्या. त्या वेळीच डॉक्टरांच्या कानी घालणे, हा या कार्यास लाभणारा पहिला आणि बिनखर्ची हातभार होय.