चौतीसचा दर गेला कुठे?

प्रश्न : सरकारने गाईच्या दुधाला ३४ रुपये दर जाहीर केला होता. तरी त्याच वर्षी दिवाळीनंतर आमचा दर सत्तावीसच्या आसपास आला. जाहीर झालेला दर न देणाऱ्यावर कारवाई का होत नाही? – एक दूध उत्पादक, लोणंद

उत्तर : तुम्ही म्हणता तो निर्णय जुलै २०२३ चा. ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या गाईच्या दुधाला लिटरला किमान ३४ रुपये द्यावेत, असे तेव्हा ठरले. सरकारने दर ठरवला म्हणजे तो कायद्याने बांधला गेला, असा आपला समज असतो. उसाच्या बाबतीत तो खरा आहे. उसाच्या एफआरपीमागे, म्हणजे रास्त आणि किफायतशीर दरामागे, ऊस नियंत्रण आदेश उभा आहे, थकबाकी राहिली तर साखर आयुक्त वसुलीची कारवाई करू शकतात. दुधामागे असा कायदा नाही, आणि केंद्राच्या हमीभावाच्या यादीतही दूध नाही. त्यामुळे ३४ रुपये हा आदेश असला, तरी तो मोडणाऱ्याला हात लावायला सरकारकडे फारसे काही नव्हते.

पूर्वी शासकीय दूध योजना स्वतः दूध घेत असे, तेव्हा सरकारच्या दराला वजन होते. आज बहुतेक दूध खासगी आणि सहकारी डेअऱ्या घेतात. त्यांचे गणित पावडर आणि लोण्यावर चालते. हिवाळ्यात, म्हणजे पुष्टकाळात, दूध वाढते, पिशवीत खपून उरलेल्याची पावडर होते. पावडरीचा भाव पडला की तोटा खाली सरकत सरकत संकलन केंद्रावरच्या तुमच्या किटलीपर्यंत येतो. लोणंदच्या बाजारात कांद्याचा लिलाव निदान तुमच्या डोळ्यांसमोर होतो. भाव पटला नाही तर कांदा परत नेता येतो. संध्याकाळचे दूध सकाळपर्यंतही थांबत नाही, म्हणून दूधवाल्याला घासाघीस करताच येत नाही.

शिवाय, जाहीर दर ३.५/८.५ लाच लागू असतो. एसएनएफ थोडे कमी भरले की प्रत्येक पॉइंटला कपात होते, आणि कपात किती करायची हे घेणारा ठरवतो.

मग अनुदान आले. अनुदान डेअरीलाच मिळते, असे अनेकजण अजूनही म्हणतात. २०१८ च्या दूध आंदोलनानंतरचे लिटरमागे पाच रुपये खरोखरच डेअऱ्यांमार्फत आले होते, त्यातून हा समज राहिला असावा. जानेवारी २०२४ पासून मात्र पैसे थेट उत्पादकाच्या खात्यात जमा करायचे ठरले. त्या योजनेची अट पाहा : डेअरीने २७ रुपये द्यावेत, सरकार ५ देईल. चौतीस टिकला नाही, याची ही सरकारी कबुलीच होती. जुलै २०२४ मध्ये ३० अधिक ५ झाले, ऑक्टोबरपासून २८ अधिक ७. बेरीज दोन्ही वेळा ३५ च. म्हणजे सरकारने वाढवलेले दोन रुपये तुमच्या पदरात पडले नाहीत, डेअरीवरचा भार तेवढा हलका झाला.

दूधदराच्या चर्चेतही उत्पादक असाच मागे राहतो. बैठका होतात, मंत्री येतात, पण बहुतेक वेळा रस्त्यावर दूध ओतले गेल्यानंतर. पेंड आणि वैरणीचा हिशेब ज्याच्या वहीत आहे, तो उत्पादक दर ठरवणाऱ्या समितीत मतासह बसला पाहिजे, आणि ठरलेल्या दराला उसासारखा कायदा हवा, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा कायद्याची मागणी शेतकरी संघटनाही वर्षानुवर्षे करत आहेत.

तोवर एवढे करा. दर वेळी फॅट-एसएनएफची पावती मागून घ्या आणि दहा दिवसांच्या बिलाशी ताडून पाहा. जनावराच्या कानातल्या बिल्ल्याची नोंद आणि बँक खाते नीट जुळलेले आहे ना, हेही तपासा, कारण अनुदान अडले ते बहुतेकदा तिथेच.