पेपर काढण्याआधी माणूस बघा

बीदरच्या मैलूर भागात इंग्रजीची बॅच सुरू केली की एकाच खोलीत अख्खा जिल्हा येऊन बसतो. औराद-भालकीकडच्या मराठी शाळांतली मुलं, उर्दू माध्यमातल्या मुली, कन्नडमधून शिकलेले स्पर्धा परीक्षावाले, नर्सिंगच्या विद्यार्थिनी, मधूनच एखादा बिदरी कारागीर. कोणाला कुठं बसवायचं हे ठरवायला चाचणी लागतेच. मी शिकवत होतो तिथं संचालकांनी बाहेरून छापील पेपर मागवला. सगळे प्रश्न पर्यायांचे, आणि सगळ्यांना पेपर एकच.

कारागीर पार तळाला गेला. किल्ल्यातली माती आणि नवसागर लावला की जस्त-तांब्याचं भांडं काळं पडतं, पण जडवलेली चांदी तशीच चमकते, हे परदेशी गिऱ्हाइकाला तो इंग्रजीत सांगायचा. भावही इंग्रजीतच पटवायचा. त्याचे मार्क गेले ते ‘अ’, ‘ॲन’, ‘द’मध्ये. त्याला एबीसीडीच्या बॅचला बसवलं, आणि थोड्याच दिवसांत तो यायचा बंद झाला. उलट नर्सिंगची एक मुलगी वरच्या बॅचला गेली. ‘इफ आय वेअर’ची गाळलेली जागा तिनं बिनचूक भरली होती. पण डॉक्टर फोनवर सांगतात तशा सूचना मी तिला लिहून घ्यायला लावल्या, तेव्हा ‘फिफ्टीन’च्या जागी तिनं पन्नास लिहिले. औषधाच्या मात्रेत हा फरक जिवावर बेततो, आणि छापील पेपरात तो तपासणारा एकही प्रश्न नव्हता.

सगळ्यांना एकच पेपर कसा चालेल, हा प्रश्न मोठमोठ्यांनाही पडलेला आहे. 1979 ते 1984 या काळात भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभूंनी दक्षिण भारतातल्या शाळांत व्याकरणाचे धडे न देता कामं करवून घेत इंग्रजी शिकवण्याचा प्रयोग केला. तो ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून ओळखला जातो. त्याचं मूल्यमापन करणाऱ्या बेरेटा आणि डेव्हिस यांच्यापुढं पेच होता, की दोन रीतींनी शिकलेल्या मुलांना एकाच पेपरात कसं तोलायचं? त्यांनी एक चाचणी नेहमीच्या वर्गांना जवळची काढली, एक प्रयोगातल्या मुलांना जवळची, आणि तीन मधल्या, त्यात श्रुतलेखनही होतं. व्याकरणाच्या चाचणीत नेहमीचे वर्ग पुढं गेले, कामांच्या चाचणीत प्रयोगातले. चाचणी काढणाऱ्या प्रत्येकानं हा निकाल ध्यानात ठेवावा. आपण एकच पेपर काढतो तेव्हा पुढं कोण जाणार, हे बरंचसं आपणच ठरवून टाकलेलं असतं.

म्हणून सुरुवात प्रश्नांपासून करू नका. इंग्रजी कुठं लागणार, हे आधी प्रत्येकाला त्याच्या भाषेत विचारा. आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी ओईटी ही वेगळी परीक्षा जगभर चालते. आयईएलटीएसमध्येही विद्यापीठात जाणाऱ्यांचे वाचन-लेखनाचे पेपर निराळे असतात. मग आपल्या गावात सगळ्यांना एकाच मापात का कोंबायचं?

सूचना मराठी, कन्नड, उर्दू अशा तिन्ही भाषांत छापा. काय करायचं हेच कळलं नाही म्हणून मार्क गेले, तर इंग्रजी मोजलंच गेलं नाही. विमानतळ, बर्फ, मेट्रो असले उतारे टाळा. बसस्टँड, दवाखाना, बँकेचा फॉर्म सगळ्यांच्या ओळखीचा असतो. उर्दू माध्यमातली मुलगी ‘इस्कूल’ म्हणाली तर मार्क कापू नका, अर्थ पोहोचतोय ना ते बघा. बोलण्याची परीक्षा दोघांनी घ्यावी आणि मार्क एकमेकांना न दाखवता द्यावेत. फार तफावत आली तर तिसऱ्याला ऐकवावं. पेपर आधी चार-पाच जणांकडून सोडवून घ्या आणि शेजारी बसून बघा. कुठला प्रश्न चुकीच्या कारणानं अडतोय, ते तिथंच दिसतं.

निकालाच्या कागदावर बेरीज नको. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं असे चार आकडे वेगळे लिहा, आणि त्या माणसाच्या कामाला यातलं जे लागतं त्यावरूनच बॅच ठरवा.