एसटीत एक कंडक्टर, लोकलमध्ये दोघं: टीसी आणि गार्ड



गंजाडहून डहाणूला एसटीने जाताना आपण आधी बसतो. मग कंडक्टर येतो, तिकीट देतो, डबल बेल मारतो. सगळं एकच माणूस बघतो. डहाणू रोडला लोकल पकडली की तसं नसतं. तिथे हेच काम दोघांत वाटलेलं आहे. ते माहीत नसलं तर भाजी, चिकू किंवा वारली चित्रं विकून आलेले पैसे दंडात जातात. म्हणून आजचा हा पाठ.

गार्ड काय करतात?
गार्ड गाडीच्या अगदी मागच्या केबिनमध्ये असतात. २०२२ पासून त्यांच्या पदाचं नाव 'ट्रेन मॅनेजर' झालं, पण लोक गार्डच म्हणतात. स्टेशन आलं की ते प्लॅटफॉर्मवर नजर ठेवतात. चढ-उतार झाली की पुढे मोटरमनला दोन बेल देतात, तेव्हा गाडी सुटते. म्हणजे डबल बेल इथेही आहेच! गाडीच्या वेळा लिहिणं, गरज पडली तर झेंडा किंवा दिवा दाखवणं, कोणी साखळी ओढली तर त्याकडे बघणं, हेही त्यांचंच काम. लोकलमध्ये गार्ड तिकीट देत नाहीत.

टीसी काय करतात?
टीसी तिकीट तपासतात. "चढल्यावर काढू" ही एसटीची सवय इथे चालत नाही. तिकीट आधी काढायचं, मगच चढायचं. विनातिकीट सापडलं तर भाडं आणि वर कमीत कमी २५० रुपये दंड.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवा:
- मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. लोकलमध्ये पूर्ण लागतं.
- लोकलचं साधं तिकीट एक्सप्रेसला चालत नाही.
- ५ वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही. ५ ते १२ वर्षांच्या मुलाला अर्धं.

आपला हक्क काय?
दंड भरला तर पावती घ्यायचीच. पावती नाही तर पैसे नाहीत. समोरचा खरंच टीसी आहे का अशी शंका आली, तर ओळखपत्र मागा. त्यात उद्धटपणा काही नाही.

समजा, दंड भरायला पैसेच नाहीत आणि सोबत पुरुष माणूस नाही. तरी बाईला वाटेत कुठेही उतरवता येत नाही. रेल्वे कायदा १९८९, कलम १३९ सांगतं: जिथून चढली ते स्टेशन, जंक्शन, शेवटचं स्टेशन किंवा जिल्ह्याच्या मुख्य गावाचं स्टेशन, इथेच उतरवता येतं. तेही दिवसाच. म्हणजे दिवसा पालघरला उतरवतील, पण रात्री वैतरण्याला नाही. दंड मात्र यामुळे माफ होत नाही.

रेल्वेच्या मदतीचा फोन नंबरही १३९ च आहे. कलम आणि फोन, दोन्हींचा आकडा एकच. पाठ करून टाका.

गटाच्या बैठकीत करा
एकीने टीसी व्हा, एकीने प्रवासी. तिकीट दाखवणं, ओळखपत्र मागणं, पावती घेणं करून बघा. मग एकमेकींना विचारा:
१. दोन बेल कोण देतं?
२. दंड भरल्यावर काय मागायचं?
३. मदतीचा नंबर कोणता?

ज्या ताई कधी लोकलने गेल्या नाहीत, त्यांना आधी बोलू द्या.